पदवी खुंटीला टांगू नका: जुन्नर-आंबेगावच्या पदवीधरांसाठी काय करावे, काय टाळावे

नारायणगावच्या स्टँडवर, मंचरच्या बाजारात, घोडेगावला तहसील कचेरीच्या आवारात पदवीधर पोरापोरींना एकच प्रश्न विचारला जातो: “लागलं का कुठं?” उत्तरेही ठरलेली असतात. चाकणची कंपनी, हिंजवडी, पोलीस भरती, नाहीतर “अभ्यास चालू आहे.” पण याच दोन तालुक्यांत भौतिकशास्त्राच्या एका एम.एस्सी.ने ३० अजस्र अँटेना उभ्या करवल्या. इथल्या दुर्बिणीच्या संस्थेत काम करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाच्या नावावर पक्ष्याची एक नवी जात लागली. नारायणगावचा एक एमबीबीएस आधी पडद्यावरचा शिवाजी झाला आणि मग खासदार. यांतल्या बहुतेकांनी पदवी टाकून दिली नाही, भलत्याच ठिकाणी वापरली. खालची यादी अशा वाटा पाहून केली आहे. ती पाळली म्हणून कोणाचे भले होईलच अशी हमी नाही. न पाळता फसलेले मात्र दर गावात दोन-चार सापडतात.

काय करावे

पदाआधी प्रश्न शोधावा. जुन्नरमध्ये याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे डॉ. विद्या अत्रेय. शिक्षण परिसंस्थाशास्त्राचे. पतीच्या कामानिमित्त २००३च्या सुमारास त्या या भागात राहायला आल्या, सोबत लहान मुलगी. आपल्याकडे बाईच्या करिअरचा शेवट नेमका इथेच होतो: नवऱ्याची बदली, लहान मूल, आडगाव. त्या काळात जुन्नर वनविभागात बिबट्यांनी हाहाकार माजवला होता. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाली, पाणी खेळले, ऊस वाढला आणि बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. खायला कुत्री, डुकरे, शेळ्या होत्याच. उपाय एकच दिसायचा: पिंजरा लावा, पकडा, लांब नेऊन सोडा.

अत्रेय यांनी विचारले, सोडलेल्या बिबट्याचे पुढे होते काय? पकडलेल्या बिबट्यांना मायक्रोचिप बसवल्या, वनखात्याच्या नोंदी तपासल्या, हल्ल्यांच्या जागा आणि तारखा मांडल्या. २०११ साली सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातला आकडा चक्रावणारा आहे. धरून दुसरीकडे सोडण्याची मोहीम सुरू होण्याआधी जुन्नरमध्ये माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहिमेच्या काळात ते १७वर गेले. ज्या उपायासाठी गावे मोर्चे काढत होती, तोच उपाय त्रास वाढवत होता. पुढे शेजारच्या अकोले तालुक्यात त्यांनी कॅमेरे लावले, तेव्हा जंगल नावालाही नसलेल्या बागायती पट्ट्यात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले. पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक बिबट्या २००९ साली गळ्यात कॉलर घालून माळशेज घाटाच्या बाजूला सोडला. तो शंभरावर किलोमीटर चालत थेट मुंबईच्या वेशीवर पोचला. त्याचे नाव ‘आजोबा’. २०१४ साली त्याच्यावर मराठी चित्रपटही आला.

या सगळ्यात कोणत्याही जाहिरातीत ‘बिबट्या अभ्यासक पाहिजे’ असे छापून आले नव्हते. प्रश्न दारात होता, पद नंतर तयार झाले.

आपल्या विषयाची शिस्त घेऊन दुसऱ्याच्या अंगणात शिरावे. डॉ. रमणा अत्रेय हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. खोडदची रेडिओ दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेत ते काम करत होते. पक्षीनिरीक्षण हा छंद. अरुणाचल प्रदेशातल्या ईगलनेस्टमध्ये १९९५ साली त्यांना एक अनोळखी पक्षी ओझरता दिसला. घाई केली नाही. २००६ साली त्यांनी ती नवी जात असल्याचे जगासमोर मांडले आणि तिथल्या बुगुन जमातीवरून तिला ‘बुगुन लिओसिक्ला’ असे नाव दिले. नवी जात सिद्ध करायला नमुना म्हणून पक्षी मारून ठेवण्याची रीत असते. इथे पक्षी इतका दुर्मीळ की त्यांनी जाळ्यात आलेला पक्षी सोडून दिला आणि गळालेली पिसे, छायाचित्रे व आवाज यांवर वर्णन केले. धूसर खुणांवरून निष्कर्ष काढायचा आणि पुरावा पुरेसा होईपर्यंत तोंड बंद ठेवायचे, ही खगोलशास्त्राची सवय इथे कामी आली असावी असा माझा तर्क आहे. तुम्ही बी.कॉम. असाल तर तुमची शिस्त हिशेबाची. ती गावच्या पाणीवापर संस्थेला लावून पाहा.

मोठे स्वप्न स्वस्तात करून पाहावे. गोविंद स्वरूप यांचा जन्म १९२९चा, उत्तर प्रदेशातला. अलाहाबादहून १९५० साली भौतिकशास्त्रात एम.एस्सी., मग ऑस्ट्रेलिया, मग अमेरिकेत स्टॅनफर्डची पीएच.डी. रेडिओ खगोलशास्त्र हा विषयच तेव्हा भारतात जवळजवळ नव्हता. म्हणजे शिकून परत यायचे तर नोकरी कशाची मागायची हाही प्रश्नच. होमी भाभांनी बोलावले आणि १९६३ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. पहिली दुर्बीण त्यांनी कल्याणला उभारली, तीही ऑस्ट्रेलियात कालबाह्य होऊन भेट मिळालेल्या ३२ लहान थाळ्यांची. त्यानंतर उटीची. तिथे उताराचा डोंगर असा निवडला की त्याचा कल पृथ्वीच्या अक्षाला समांतर यावा, म्हणजे महागडी यंत्रणा वाचते आणि दुर्बीण एकाच दिशेने फिरवून ताऱ्याचा माग ठेवता येतो. ती १९७० साली चालू झाली.

खोडद आले त्यानंतर. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांतल्या १४ खोडदला जवळजवळ आणि उरलेल्या १६ तीन बाजूंना शेताशिवारांत पसरलेल्या, टोकाटोकांतले अंतर २५ किलोमीटरपर्यंत. एवढ्या थाळ्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर खर्च परवडला नसता आणि वाऱ्याने त्या टिकल्याही नसत्या. म्हणून पोलादी दोऱ्यांवर बारीक तारांची जाळी ताणली. लांब तरंगलांबीच्या रेडिओ लहरींना जाळीही आरशासारखीच. वारा मात्र आरपार जातो. स्वरूप २०२०मध्ये गेले. त्यांची दुर्बीण २०२३ साली विश्वातल्या मंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटात होती.

कल्याणच्या जुन्या थाळ्यांशिवाय खोडद झाले नसते. तुमच्या कल्पनेची ‘कल्याण आवृत्ती’ काय असेल, ती आधी ठरवा.

खोडदच्या फाटकातून एकदा आत जावे, आणि खगोलशास्त्रज्ञांपलीकडे पाहावे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते, दुर्बीण लोकांना पाहता येते. आपल्याकडच्या शाळा ट्रक भरून पोरे नेतात. पदवीधर मात्र फिरकत नाहीत, कारण “ते शास्त्रज्ञांचं.” एवढी मोठी थाळी अचूक कोनात फिरवायला यांत्रिकी अभियंता लागतो. गिअर, मोटर, पाया, गंज, वीज, ऑप्टिकल फायबर, संगणक, लेखापाल, कार्यशाळेतला फिटर हे सगळे लागतात. नोकरीच्या जाहिराती संस्थेच्या संकेतस्थळावर येतात. डिप्लोमा आणि आयटीआयवाल्यांनीही त्या पाहाव्यात. (या दुर्बिणीला बाहेरच्या रेडिओ-गोंगाटाचे वावडे आहे. तिच्यापायी पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग वळवायचे ठरले, म्हणून तालुक्यात तिच्यावर रागही आहे. तो राग खोटा नाही. पण दुर्बीण इथे राहणारच असेल तर तिचा फायदा इथल्या पोरांनी का घेऊ नये?)

परत यायचे तर हातात कसब घेऊन यावे. “गावासाठी काहीतरी करायचंय” हे वाक्य ऐकायला बरे वाटते, पण त्याने कोणाचे पोट दुखायचे थांबत नाही. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत एम.डी. फिजिशियन. शहरात चालला असता तसा दवाखाना त्यांनाही काढता आला असता. त्यांनी डॉ. पल्लवी राऊत यांच्यासह नारायणगावात सर्पदंश हा विषय धरला. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही नावे इथल्या शेतकऱ्याला पाठ असतात, पण दंश झाल्यावर गाडी देवळाकडे वळवायची की दवाखान्याकडे, याचा निर्णय पहिल्या तासात होतो. उपचाराइतकाच जोर त्यांनी गावोगाव समजावण्यावर आणि इतर डॉक्टरांना शिकवण्यावर दिला. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले २०१७ साली. भारत सरकारचा कृती आराखडा २०२४चा, त्यात २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे उद्दिष्ट आहे. नारायणगावात काम त्याआधी कितीतरी वर्षे चालू होते.

सर्पदंशात डॉक्टरांपलीकडेही वाटा आहेत. आपल्याकडच्या प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेतून येते, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक केलेल्या आणि पुण्यात कॉल सेंटरला बसलेल्या मुला-मुलींनी या वाक्यावर जरा थांबावे.

कोणत्याही शाखेला उघडी असलेली दारे माहीत करून घ्यावीत.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला इतर शाखांचे पदवीधरही जातात. आणि पुरातत्त्व म्हणजे फक्त शिवनेरी, नाणेघाट नव्हे. कुकडीकाठच्या बोरी गावात अश्मयुगीन दगडी हत्यारांसोबत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, पण वय किती? एका मोजणीत सुमारे १४ लाख वर्षे आले, दुसऱ्या मतानुसार सुमारे ७५ हजार. वाद अनेक वर्षे रंगला. भूगोल, भूशास्त्र, रसायनशास्त्र यांची माणसे त्यात होती.

बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वन्यजीवशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. तिथे अभियंतेही निवडले जातात. पशुवैद्यक व्हायचे असेल तर मात्र बारावीनंतर ‘नीट’ परीक्षा देऊन शिरवळसारख्या महाविद्यालयाची वाट आहे. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात काम करणाऱ्या पशुवैद्यकांनी हीच पदवी घेतलेली असते, फक्त रुग्ण वेगळे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली झाले. तिथल्या शेकरूवर डॉ. रेने बोर्जेस यांनी संशोधन केले, त्यांची पीएच.डी. अमेरिकेतली. आंबेगावच्या किती प्राणिशास्त्राच्या पदवीधरांनी शेकरूचे घरटे मोजले आहे?

गावच्या जुन्या धंद्याकडे नव्याने पाहावे. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, तारखा आणि सुपारी ठरते. शंभर माणसांचा संसार, ट्रक, तंबू, जनरेटर, रोज नवे गाव, रोखीचा व्यवहार. कोणत्याही व्यवस्थापन संस्थेने इथे येऊन महिनाभर बसावे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, पण उतारवय हलाखीत गेले. कलाकारांचा विमा, करार, ध्वनिमुद्रणाचे हक्क ही कामे अजून कोणाची तरी वाट पाहत आहेत. वकिलीची पदवी असेल तर विचार करा. अभ्यासाची गोडी असेल तर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे.

तसाच बाळहिरडा. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडे आदिवासी तो गोळा करतात, वाळवतात, विकतात. औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर मंचरला औषधांचे दुकान टाकतात. दोघांची गाठ पडत नाही.

वही ठेवावी. मराठीत, रोज, तारखेसह.

काय टाळावे

पदवी ‘लाथाडल्या’चा आव. डॉ. अमोल कोल्हे हे नाव इथे हमखास निघते. नारायणगावचा मुलगा, मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस, २००८ साली ‘राजा शिवछत्रपती’ मालिका, २०१९ साली शिरूरचे खासदार. पोरे यातला शेवटचा भाग पाहतात. डॉक्टरी पूर्ण केली होती, हे विसरतात. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. आपल्याच जिल्ह्यात दौंडला दवाखाना चालवत त्यांनी १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ बसवले, पुढे ‘सामना’ आणि ‘जैत रे जैत’ केले. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पूर्ण वेळ नट होण्याचा निर्णय त्यांनी घेतला १९६९ साली, वयाच्या बेचाळिशीच्या आसपास, आणि तोवर वर्षानुवर्षे रंगमंचावर काम करून झाले होते. शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडून यूट्यूब चॅनेल काढणाऱ्याने स्वतःची तुलना यांच्याशी करू नये.

एका हंगामाच्या भावावर आयुष्य बेतणे. जुलै २०२३मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे २० किलोचे क्रेट दोन हजार रुपयांवर गेले. जुन्नरच्या शेतकऱ्यांनी लाखांत, काहींनी कोटीत कमावल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. त्या महिन्यात बऱ्याच पदवीधरांनी राजीनाम्याचा विचार केला असणार. दोन महिन्यांत भाव इतका पडला की तोडणीची मजुरीही सुटेना, माल रस्त्यावर ओतला गेला. शेती जरूर करा. पण ती करिअर म्हणून करायची तर किमान पाच वर्षांचे भाव समोर ठेवा, वाईट वर्ष धरून हिशेब मांडा, आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात माती आणि रोपवाटिकेचे आधी शिकून घ्या. द्राक्षबागेत हे सगळे दुप्पट लागू. एक अवकाळी पाऊस पुरतो.

स्पर्धा परीक्षेला तारीख न ठेवता बसणे. अभ्यासिकेत जाण्याला माझा विरोध नाही. ‘अजून एकदा’ला आहे. राज्यसेवेला खुल्या गटात ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत बसता येते. ही सवलत आहे, पण सापळाही तीच होते. पहिल्याच दिवशी शेवटचा प्रयत्न कोणता ते लिहून घरच्यांच्या हाती द्या. दुसरे म्हणजे त्या वर्षांत एक तरी कमाईचे कसब जिवंत ठेवा. शिकवणी, लेखापालन, सर्वेक्षण, भाषांतर, काहीही. परीक्षेसाठी वाचलेला भूगोल, कायदा, अर्थशास्त्र वाया जात नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले पोपटराव पवार एम.कॉम. झालेले. १९८९ साली ते हिवरे बाजारचे सरपंच झाले. त्यांची वाट परीक्षेच्या निकालातून गेली नाही, आणि तरी बदल्या-बढत्यांपेक्षा दूर गेली.

बिबट्या-सापासोबत फोटो. वन्यजीवांत करिअर करायचे म्हणणाऱ्यांपैकी निम्मे इथे गारद होतात. परवानगीशिवाय साप पकडणे, हाताळणे हा गुन्हा आहे. पिंजऱ्यातल्या बिबट्यासमोर मोबाईल धरून उभे राहणे म्हणजे काम नव्हे. खरे काम कंटाळवाणे आहे: पंचनाम्याचे फॉर्म, जीपीएसचे आकडे, विष्ठेचे नमुने, कॅमेऱ्यातल्या हजारो फोटोंतून ठिपक्यांची जुळवणी, आणि ज्याच्या घरातले माणूस गेले त्याच्यासमोर शांत बसून राहणे. अलीकडच्या वर्षांत या भागात हल्ले झाले, रास्ता रोको झाले. अशा वेळी “बिबट्याचाही अधिकार आहे” असे भाषण ठोकणारा पदवीधर गावाला नको असतो. रात्री बंदिस्त गोठा कमी खर्चात कसा बांधायचा, हे दाखवणारा हवा असतो.

आदिवासी पट्ट्याकडे ‘प्रोजेक्ट’ म्हणून पाहणे. एम.एस.डब्ल्यू. आणि ग्रामीण व्यवस्थापनवाल्यांनी नीट ऐकावे. घोड नदीवर डिंभे धरण झाले, तेव्हा आंबेगावच्या पश्चिमेकडच्या महादेव कोळी गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी ‘शाश्वत’ संस्थेतून तिथे दशकानुदशके काम केले. धडपड यासाठी की जलाशयात मासेमारीचा हक्क धरणग्रस्तांच्या सहकारी संस्थेला मिळावा, पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन त्यांना कसता यावी, डोंगरउतारावर पडकई काढून भातखाचरे व्हावीत. २०१२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. सहा महिन्यांची इंटर्नशिप, गुलाबी अहवाल आणि लिंक्डइनवर लहान मुलांसोबतचा फोटो यांचे त्या गावांना काही कौतुक नाही. जायचे असेल तर दोन पावसाळे राहण्याच्या तयारीने जा. लावणी, पडकई, हिरडा यांचे वेळापत्रक शिका आणि पहिले वर्षभर सल्ला देऊ नका.

पर्यटन म्हणजे तंबू, स्विमिंग टँक आणि डीजे, असे समजणे. जुन्नरला २०१८ साली पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला, राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२०चे आहे. दोन्हींचा फायदा आहे, नोंदणी करून घ्या. पण लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, बोरीची राख, खोडदची दुर्बीण, द्राक्षाचा हंगाम एवढे सगळे हाताशी असताना पाहुण्याला फक्त मिसळ आणि ट्रॅक्टरची फेरी देणे म्हणजे इतिहासाच्या पदवीचा अपमान आहे. ब्राह्मी लिपी वाचून दाखवणारा गाईड अजून फार दुर्मीळ आहे.

“आता उशीर झाला” म्हणणे. जुन्नरच्या हिवरे गावच्या जुन्या बागेशी जोडलेले नाव आहे अलेक्झांडर गिब्सन. पेशाने शल्यचिकित्सक, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला, वनस्पतींच्या नादी लागला, दापोडीच्या बागेचा प्रमुख झाला आणि १८४७ साली, सत्तेचाळीसाव्या वर्षी, मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. वसाहतवाल्यांचे कौतुक करायचे कारण नाही, पण दवाखान्यातून जंगलात जायला वय आड आले नाही एवढे नोंदवावे. इंग्लंडचा ब्रायन मे तर आणखी गमतीचा. १९७४च्या सुमारास खगोलभौतिकीची पीएच.डी. अर्धवट सोडून तो ‘क्वीन’ या बँडमध्ये गिटार वाजवत जगभर फिरला आणि २००७ साली परत जाऊन त्याच लंडनच्या इंपीरिअल कॉलेजातून त्याच विषयात, सूर्यमालेतल्या धुळीवर, पीएच.डी. घेतली.

यशकथांचे व्हिडिओ एकामागून एक पाहणे. त्यात भांडवल कोणाचे होते ते सांगत नाहीत.

मुलीच्या पदवीला ‘स्थळासाठी’ धरणे. हे आई-वडिलांसाठी. एम.एस्सी. झालेल्या मुलीला नोकरी पुण्यात नको, नाशिकला नको, जंगलात तर नकोच, मग शिकवले कशाला? आणि मुलींनी लग्न ठरताना पगाराच्या आकड्याआधी विचारावे: सासरच्या गावापासून माझ्या कामाची जागा किती लांब, आणि मी फिल्डवर राहिले तर मुलांना कोण पाहणार? विद्या अत्रेय यांच्यासारखी वाट नशिबावर सोडू नये.

घरच्यांपासून पैशाचा हिशेब लपवणे. वेगळ्या वाटेवर पहिली काही वर्षे पैसा कमीच असतो, हे मान्य करून आकडे मांडा. नेट-जेआरएफ मिळाली तर २०२३पासून महिना ३७ हजार रुपये, वर घरभाडे भत्ता. प्रकल्प सहायकाला त्याहून कमी, आणि प्रकल्प संपला की पगारही संपतो. संस्थांमधले मानधन अनेकदा उशिरा येते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता किती, धाकट्याची फी किती, बाबांच्या सोसायटीच्या कर्जाचे काय, हे कागदावर घ्या आणि किती महिने घरून मदत लागेल ते सरळ सांगा. बहुतेक आई-बापांना विक्षिप्त वाटेची भीती नसते. त्यांना कितीची तरतूद करायची हे कोणी सांगत नाही, त्याची असते. सांगितले की त्यांतले बरेच जण एक गुंठा विकायला नाही, पण एक गाय ठेवून दोन वर्षे निभवायला तयार होतात.

तालुक्यातल्या दोन जणांना विचारून निर्णय घेणे. त्यांतला एक नोकरीतून काढलेला असतो, दुसरा कधी नोकरीत नव्हता. ज्या कामात शिरायचे आहे, ते प्रत्यक्ष करणाऱ्या माणसाला पत्र लिहा. संशोधकांचे ई-मेल संस्थेच्या संकेतस्थळावर असतात. पत्र दहा ओळींचे, स्वतः लिहिलेले, शुद्धलेखन तपासलेले असावे. त्यात त्यांचा एक तरी लेख वाचल्याची खूण हवी आणि विनंती एकच हवी: कुठे येऊन मदत करू शकतो? उत्तर आले नाही तर तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा लिहा, मग पुढच्याला.